श्रीधरन यांच्या कारकिर्दीतून सिव्हिल इंजिनियरने नेमकं काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलची पदवी झाली, पाच वर्षं पुलांच्या साइटवर गेली, आता व्यवस्थापनाकडे वळायचं मनात आहे. कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभारणारे इंजिनियर ई. श्रीधरन यांच्याविषयी बरंच वाचलंत, तसं मोठं काम आपल्या हातून व्हावं असं वाटतं. त्यासाठी एमबीए करावं, सरकारी सेवेची परीक्षा द्यावी की आहे तिथेच राहावं, हे ठरत नाही. आणि जाता जाता तुम्ही एक शंका विचारली आहे: "त्यांचं यश प्रामाणिकपणा आणि वक्तशीरपणामुळे, असं सगळे सांगतात. पण आमच्या साइटवरही प्रामाणिक आणि वेळेवर येणारे साहेब आहेत, तरी काम रखडतंच. मग फरक कुठे पडतो?"

एमबीएचं नंतर बोलू. खरा प्रश्न या शंकेत आहे. श्रीधरन यांच्यावरच्या लेखांत दोन गोष्टी हमखास असतात: ते संध्याकाळी वेळेवर ऑफिस सोडत, आणि त्यांच्यावर पैशाचा डाग कधी लागला नाही. दोन्ही बरोबर. पण तेवढ्यावर मेट्रो उभी राहत नाही. माझी तीसेक वर्षं पूल आणि बोगद्यांच्या कामांत गेली, काही सरकारी बाजूने, काही कंत्राटदाराच्या बाजूने. दोन्हीकडे सज्जन आणि हुशार इंजिनियर पाहिले, ज्यांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली, कारण त्यांच्या हातात फाइल वर पाठवण्यापलीकडे काही नव्हतं. म्हणून मी तरुणांना सांगतो, श्रीधरन यांनी काम कसं केलं हे वाचाच, पण काम स्वीकारण्याआधी त्यांनी काय मागून घेतलं ते आधी वाचा.

याचा सगळ्यात चांगला पुरावा त्यांच्याच आयुष्यात आहे. १९७० मध्ये ते कोलकाता मेट्रोवर उपमुख्य अभियंता म्हणून गेले. देशातली पहिली मेट्रो, आणि तिच्या नियोजनाचं, आराखड्याचं काम त्यांच्याकडे होतं. पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये झाली. पहिला साडेतीन किलोमीटरचा तुकडा सुरू झाला ऑक्टोबर १९८४ मध्ये, आणि दमदम ते टॉलीगंज ही साधारण साडेसोळा किलोमीटरची मार्गिका पुरी व्हायला १९९५ उजाडलं. आता दिल्ली पाहा. ऑक्टोबर १९९८ मध्ये बांधकामाला हात लागला, डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली आणि २००६ संपण्यापूर्वी ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्ण झाला होता.

तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. कोलकात्यात ते प्रमुख नव्हते आणि काम ऐन भरात येण्याआधीच तिथून गेले. तंत्रही वेगळं होतं. कोलकात्यात रस्ता उघडा खोदून, खाली पेटी बांधून, वरून पुन्हा बुजवायचं अशी पद्धत होती. जमिनीखाली कुठली वाहिनी कुठून जाते याचे धड नकाशे नव्हते, जागेचे दावे कोर्टात अडकले, सिमेंट आणि पोलादाची टंचाई होती. दिल्लीत जुन्या शहराखाली बोगदा खोदणारी यंत्रं आली आणि बराचसा मार्ग खांबांवरून गेला. पण मुख्य फरक पैशाचा आणि अधिकाराचा होता. कोलकाता मेट्रो हा रेल्वेचा एक विभागीय प्रकल्प होता, दरवर्षी अर्थसंकल्पात मिळेल तेवढ्या रकमेवर चालणारा. दिल्लीत स्वतंत्र कंपनी होती, मोठं जपानी कर्ज ठरलेलं होतं आणि निर्णय घेणारा माणूस कंपनीतच बसलेला होता. गंमत म्हणजे मेट्रो बांधकामाचा १९७८चा केंद्रीय कायदा दोन्हीकडे तोच. श्रीधरन यांचा प्रामाणिकपणा तर सत्तर सालीही तेवढाच असणार.

आता त्यांचा प्रवास थोडा क्रमाने पाहू, कारण तुमच्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे. जन्म १२ जून १९३२, केरळमधल्या पलक्कड जिल्ह्यातला. शिक्षण पलक्कडच्या व्हिक्टोरिया कॉलेजात आणि मग काकीनाड्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात. काही काळ कोझिकोडच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं, वर्षभर मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये उमेदवारी केली. मग अभियांत्रिकी सेवा परीक्षा देऊन डिसेंबर १९५४ मध्ये दक्षिण रेल्वेत प्रोबेशनरी असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. कोकण रेल्वे त्यांच्याकडे आली ती वयाच्या ५८व्या वर्षी, दिल्ली मेट्रो ६५व्या वर्षी. ज्या दोन कामांमुळे आपण त्यांना ओळखतो, ती दोन्ही निवृत्तीनंतरची. त्याआधीची पस्तीस वर्षं रुळांची, पुलांची, बदल्यांची आणि अहवालांची होती. विश्वेश्वरय्यांचंही तसंच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून बाहेर पडलेला हा तरुण मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर झाला, खडकवासल्याला पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, आणि म्हैसूरचा दिवाण झाला तो पन्नाशी गाठल्यावर.

पांबनचा किस्सा तुम्ही वाचला असेलच. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जाणाऱ्या पुलाचे शंभराहून अधिक गर्डर, म्हणजे खांबांवर टेकवलेल्या पोलादी तुळया, समुद्रात गेले, एक पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट वाहून गेली. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि बत्तिशीतल्या श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पूल चालू केला. इथे सगळे "४६ दिवस" म्हणून थांबतात. तुम्ही पूल बांधता, म्हणून तुम्हाला पुढचं सांगतो. सहा महिन्यांचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. नवे गर्डर करायचे म्हणजे पोलाद मिळवणं, कारखान्यात तयार करणं, तिथून पांबनपर्यंत वाहून नेणं, सगळं धरून सहा महिने कमीच. त्यांनी गणितच बदललं. समुद्रात पडलेले गर्डर मच्छीमारांच्या मदतीने शोधले, वर काढले आणि परत बसवले. आता असा गर्डर परत वापरायचा की नाही, हे कोण ठरवणार? तो वाकलाय का, रिव्हेट कुठे सुटलेत, बेअरिंगची, म्हणजे गर्डर खांबावर टेकतो ती, जागा शाबूत आहे का, हे पाहून "चालेल" म्हणणारा आणि उद्या काही झालं तर त्याची जबाबदारी घेणारा माणूस पुलाजवळच हवा. तो मुख्यालयात असता तर पाहणी समितीचा पहिला अहवाल यायलाच ४६ दिवस गेले असते. तांत्रिक अक्कल आणि अधिकार एका जागी आले की काय होतं, हे पांबनने दाखवलं. पुढे त्यांनी आयुष्यभर हीच जुळणी मागितली, असं मला दिसतं.

कोचीन शिपयार्डबद्दल थोडक्यात. १९७९ मध्ये ते तिथे गेले तेव्हा पहिलं जहाज 'राणी पद्मिनी' रखडलेलं होतं, ते १९८१ मध्ये पाण्यात उतरलं. सिव्हिलच्या माणसाला जहाजबांधणीचं काय कळतं, असं कुणीही विचारेल. पण रखडलेल्या कामात बहुधा कळण्याची अडचण नसते. कोण कशासाठी थांबलंय, हे कुणी उलगडत नसतं. तिथून ते परत रेल्वेत आले, पश्चिम रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले, रेल्वे बोर्डावर अभियांत्रिकी सदस्य झाले आणि जून १९९० मध्ये निवृत्त झाले.

कोकण रेल्वेवर जरा थांबतो, कारण ती आपल्या माहितीची, आणि तिच्यात यश-अपयश दोन्ही नीट दिसतं. मागणी जुनीच होती. नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत ती वर्षानुवर्षं लावून धरली. रूळ रोह्यापर्यंत आले आणि पुढे अडले, कारण वार्षिक अर्थसंकल्पात मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेत सह्याद्रीच्या सोंडा आणि खाड्या पार होणं शक्य नव्हतं. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग आला. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं: रेल्वेचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे ६-६. उरलेला बहुतेक पैसा रोख्यांतून, म्हणजे बाजारातून उचललेलं कर्ज. श्रीधरन त्याचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक.

या रचनेचा परिणाम नीट समजून घ्या. अर्थसंकल्पातल्या पैशावर चालणारं काम लांबलं तर कुणाच्या खिशाला लगेच झळ बसत नाही. कर्जावरचं काम लांबलं की व्याज दर महिन्याला चढत जातं. कोकण रेल्वेच्या कार्यालयांत काम संपायला किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळं लावली होती, त्यांना अर्थ होता तो यामुळे. हल्ली कुठल्याही उड्डाणपुलाच्या साइटवर तसा फलक दिसतो. मी अशा साइटवर बसलो आहे जिथे फलकावरचा आकडा शून्यावर येऊन गेला, तरी दोन पिअरची, म्हणजे पुलाच्या खांबांची, जागाच ताब्यात नव्हती. घड्याळ लावायला पाचशे रुपये लागतात. जागा आधी ताब्यात घ्यायला अधिकार लागतो.

तांत्रिक बाजूने पाहिलं तर कोकण रेल्वेतला मला सर्वांत धाडसी वाटणारा निर्णय बोगद्यांचा नाही, रेखांकनाचा, म्हणजे मार्ग कुठून आणि कसा न्यायचा याचा आहे. मार्ग ताशी १६० किलोमीटरला योग्य ठरावा म्हणून चढ १५० ला १ (दीडशे मीटरला एक मीटर) पेक्षा तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरपेक्षा कमी नको, असं धरलं गेलं. हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप येतं: डोंगराला वळसा घालता येत नाही, भोक पाडावं लागतं, दरीत उतरता येत नाही, वरून जावं लागतं. म्हणून ९१ बोगदे, त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरच्या वर, त्यात करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. म्हणून रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल, ज्याचा गर्डर एका टोकाला तुकड्या-तुकड्याने ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेला. स्वस्तात रेल्वे करायची असती तर चढ आणि वळणं तीव्र घेऊन खर्च खाली आणता आला असता, आणि गाड्या कायमच्या रखडत चालल्या असत्या. सुरुवातीचा खर्च वाढवून पुढची पन्नास-शंभर वर्षं सुधारायची, हा निर्णय इंजिनियरचाही आहे आणि कंपनीच्या प्रमुखाचाही. दोन्ही डोकी एकाच माणसाच्या खांद्यावर असली की तो सोपा होतो.

दुसरी गोष्ट बिलांची. मी कंत्राटदाराच्या बाजूने बसलो आहे म्हणून हे कळकळीने सांगतो. श्रीधरन यांच्या दोन्ही संस्थांमध्ये, कोकण रेल्वेत आणि दिल्ली मेट्रोत, कंत्राटदाराच्या चालू बिलाचा मोठा भाग लगेच देऊन उरलेला तपासणीनंतर द्यायची पद्धत होती. याला काही जण कंत्राटदारावरची मेहरबानी समजतात. प्रत्यक्षात कंत्राटदार टेंडर भरतानाच हिशेब करतो की हे खातं पैसे किती दिवसांनी सोडतं. चार महिन्यांनी सोडत असेल तर चार महिन्यांचं व्याज, त्यात मजुरांना दिलेली उचल, डिझेलवाल्याची उधारी, सगळं दरात चढवतो. बिल लवकर मिळणार हे बाजारात ठाऊक झालं की पुढच्या टेंडरचे दर खाली येतात आणि चांगले कंत्राटदार टेंडर भरायला येतात. शिवाय पैसे थांबलेत या सबबीवर काम थांबवायची सोय उरत नाही.

पण कोकण रेल्वे म्हणजे निव्वळ यशोगाथा नाही, आणि तिच्याकडून शिकायचं तर हेही पाहावं. पाच वर्षांत संपवायचं ठरलं होतं. मुंबई ते मंगळूर सलग मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, आणि तोवर श्रीधरन दिल्लीला गेलेही होते. गोव्यात मार्गावरून, खाडीकाठच्या खाजण जमिनींवरून मोठा विरोध झाला, काम अडलं, चौकशी आयोग बसला. पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा कातळात नसून पाणी धरलेल्या भुसभुशीत मातीत होता. जेवढं खणावं तेवढं पुन्हा खाली येई, आणि शेवटपर्यंत अडून बसला तो हाच. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल येऊन वाहतूक थांबली. डोंगर खोदून केलेल्या खोल कापांमधल्या जांभ्याच्या उतारांनी पावसात काय केलं, ते जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दिसलं: रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरली आणि सुमारे पन्नास माणसं गेली. पुढच्याच पावसाळ्यात मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतार बांधणं, जाळ्या लावणं, गस्त, पावसाळी वेळापत्रक, कमी वेग हे सगळं वाढलं. कर्जाच्या ओझ्यानेही महामंडळाला बराच काळ डोकं वर काढू दिलं नाही.

माझं मत विचाराल तर वेगाची किंमत उतारांवर दिली गेली. काप किती उभा ठेवायचा, पाण्याला वाट कुठून काढायची, ही कामं मुदतीच्या दबावाखाली मागे पडतात, कारण ती न करताही उद्घाटन होऊ शकतं. तरीही ही रेल्वे झाली नसती तर बरं झालं असतं, असं कोकणातला माणूस म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

मग दिल्ली. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनचे व्यवस्थापकीय संचालक झाले. कंपनी केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी. असं निम्मं-निम्मं दोघांच्या ओढाताणीत मोडायचीच शक्यता जास्त. इथे उलट झालं, कोणा एकाला हुकूम सोडता येईना आणि व्यवस्थापनाला मोकळीक मिळाली. पद घेतानाच आपली माणसं आपण निवडणार आणि कामात ढवळाढवळ नको, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. माणसं कमी ठेवली. कागद चार टेबलं फिरण्याऐवजी चार जण एका टेबलाशी बसत आणि निर्णय तिथेच होई. दर सोमवारी बैठका होत, त्या त्यासाठीच.

कागद फिरण्याला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगतो. पायलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब (पाइल) घालणं, चालू असताना अपेक्षेपेक्षा वरच कातळ लागला, असं समजा. पाइल आहे तिथे थांबवायचा की ठरल्या खोलीपर्यंत फोडत न्यायचा, हे डिझाइनरला विचारावं लागतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तर रिग (भोक पाडणारं यंत्र) दुसऱ्या पॉइंटवर लावता येते. तीन आठवड्यांनी आलं तर रिग उभी, तिचा चालक उभा, मागची काँक्रीटची टोळी उभी. कंत्राटदार त्या प्रत्येक दिवसाचं पत्र लिहून ठेवतो, काम संपल्यावर लवादाकडे जातो आणि बऱ्याचदा जिंकतो. निर्णय न घेणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका येत नाही, चुकीचा निर्णय घेणाऱ्यावर येतो. हेच उलटं केल्याशिवाय कुठलीही कंपनी वेगात चालत नाही, आणि ते उलटं फक्त वरच्या खुर्चीतला माणूस करू शकतो: हाताखालच्याने सद्हेतूने घेतलेला निर्णय चुकला तरी त्याच्या पाठीशी उभं राहून.

सगळंच त्यांच्या मनासारखं झालं असं नाही. पहिल्या टप्प्यासाठी त्यांना जगभर चालणारा स्टँडर्ड गेज (आपल्या रेल्वेच्या ब्रॉडगेजपेक्षा रुळांमधलं अंतर कमी) हवा होता. सरकारने रेल्वेचं ऐकून ब्रॉडगेज ठरवला. त्यांनी विरोध नोंदवला आणि मग ब्रॉडगेजवर काम रेटलं. रुसून दोन वर्षं घालवली नाहीत. पुढच्या काही मार्गिकांना स्टँडर्ड गेज मिळाला. हैदराबाद मेट्रोचं कंत्राट ज्या अटींवर दिलं जात होतं त्याबद्दल २००८ मध्ये त्यांनी नियोजन आयोगाला पत्र लिहिलं, त्यात जमिनीच्या फायद्यावर बोट ठेवलं. ते अनेकांना झोंबलं. काही महिन्यांत सत्यम या संगणक कंपनीचा हिशेबांतला घोटाळा उघडकीस आला आणि तिच्याच मालक घराण्याच्या दुसऱ्या कंपनीकडचं ते कंत्राट बारगळलं. आणि १२ जुलै २००९ ला दिल्लीत जमरुदपूरला मेट्रोचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळून कामगार आणि एक इंजिनियर गेले, तेव्हा त्याच दिवशी त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही, आणि श्रीधरन यांनी काम चालू ठेवलं. डिसेंबर २०११ अखेर ते तिथून निवृत्त झाले. नंतर कोची आणि लखनौ मेट्रोचे सल्लागार होते. २०२१ मध्ये पलक्कडमधून विधानसभेची निवडणूक लढवली आणि थोडक्या मतांनी हरले. अधिकार एका हातात असावेत अशी सवय झालेल्या माणसाला निवडणुकीचं राजकारण कितपत मानवलं असतं, मला शंका आहे.

इथवरचं एकत्र करून सांगतो. त्यांच्याकडे खोल तांत्रिक अनुभव होता. मोठी जबाबदारी घेताना पैसा ठरलेला असावा, माणसं निवडायचा हक्क असावा आणि निर्णय जागेवर व्हावेत, एवढं त्यांनी जमवून घेतलं. आणि त्या अधिकाराचा गैरवापर होणार नाही, हा विश्वास त्यांच्या चारित्र्यामुळे मिळाला. म्हणजे प्रामाणिकपणाचा उपयोग झाला, पण तो असा: त्याच्या जोरावर त्यांना अधिकार मागता आले. तुमच्या साइटवरचे साहेब प्रामाणिक आहेत, पण त्यांना कुणी अधिकार दिलेले नाहीत, कदाचित त्यांनी मागितलेलेही नाहीत. वेळ चांगली होती, हेही विसरू नका. सगळ्या पक्षांचा पाठिंबा आणि स्वस्त परदेशी कर्ज हे दर दशकात जुळून येत नाही.

आता तुमच्यापुरतं. हे बऱ्याच अंशी तुम्ही कुठे काम करता यावर अवलंबून आहे. तुम्ही फक्त शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) आणि काँक्रीटचा हिशेब ठेवत असाल, डिझाइनरशी, कंत्राटाच्या कलमांशी, बिलांशी संबंधच येत नसेल, तर एमबीएने तो अनुभव भरून निघणार नाही. आधी त्याच कंपनीत प्लॅनिंग किंवा कंत्राट विभागात दोन वर्षं मागून घ्या. मोजमाप पुस्तिका, मुदतवाढीची पत्रं, किंमतवाढीचं सूत्र, लवादाची एखादी फाइल, हे वाचलेला साइट इंजिनियर दुर्मीळ असतो आणि त्याची किंमत लवकर वाढते. हे झालं असेल आणि तुम्हाला खासगी विकासकाकडे किंवा प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या संस्थेत जायचं असेल, तर चांगल्या संस्थेतलं एमबीए उपयोगी पडतं, मुख्यतः वित्ताची भाषा येते म्हणून. साध्या संस्थेतलं केलंत तर दोन वर्षं आणि फी, दोन्ही अंगावर पडतील.

पुढची नोकरी किंवा बढती घेताना तीन गोष्टी विचारायला लाजू नका: किती रकमेपर्यंतचा निर्णय मी स्वतः घेऊ शकतो, माझ्या हाताखालची माणसं कोण निवडणार, आणि जागा व ड्रॉइंग कधी मिळणार हे लेखी आहे का. पहिल्या दोनदा "बघू नंतर" असंच उत्तर मिळेल. तरी विचारा. मुलाखतीत असं विचारणारा उमेदवार मला तरी कायम लक्षात राहिला.

सरकारी सेवेचा रस्ता मात्र वेळेला बांधलेला आहे. अभियांत्रिकी सेवा परीक्षेला सर्वसाधारण गटासाठी वयाची तिशीची मर्यादा आहे, आणि रेल्वेतल्या भरतीची रचना गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली, म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नका, चालू वर्षाची अधिसूचना पाहा. पाच वर्षं नोकरी झाली म्हणजे तुमच्या हातात फार तर दोन-तीन प्रयत्न असतील. एमबीए पस्तिशीतही करता येतं, कंत्राट विभागात पुढच्या वर्षीही जाता येईल. तेव्हा या तिन्हींपैकी आधी परीक्षेचा निर्णय घ्या, आणि द्यायची ठरली तर साइटवरून तयारी होत नाही, हे धरून वरिष्ठांशी रजेचं किंवा ऑफिसातल्या कामाचं आत्ताच बोला.